ब्रश दिसला की सोफ्याखाली पळणारा चिकू

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकू हा शिह त्झू जातीचा, साडेचार महिन्यांचा कुत्रा. आला तेव्हा मांडीवर बसून ब्रश करून घ्यायचा. गेल्या महिन्याभरात मात्र ब्रशचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला तरी तो सोफ्याखाली जातो. मग सासूबाई त्याला घट्ट धरतात आणि ताई, तुम्ही भराभर ब्रश फिरवता. परवा त्याने सासूबाईंच्या अंगठ्याला चावा घेतला, रक्त आलं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: असंच धरून करत राहावं का, ब्रश बदलावा का, आणि डिसेंबरात दिरांचं लग्न आहे, तोपर्यंत तो माणसांत आणण्यासारखा होईल का.

सगळ्यात आधी सासूबाईंचा अंगठा. पिल्लू घरचं आहे, लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. रक्त आलं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, त्यामुळे चिकूची झालेली असायला हवी. तरी त्याचं लसीचं कार्ड सोबत न्या आणि इंजेक्शन घ्यायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आता चिकू. आज त्याला ब्रश लावूच नका. तो दुपारी सैल पडून झोपला असेल तेव्हा कानामागे दोन बोटं अलगद घाला आणि केसांतून थेट कातडीपर्यंत न्या. बोटं सरळ कातडीला टेकली तर ठीक. मध्येच काहीतरी चपटं, नमद्यासारखं घट्ट हाताला लागलं तर तो गुंता आहे. तसंच पुढच्या पायांच्या काखांत, हार्नेसचा पट्टा घासतो तिथे, मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या मुळाशी चाचपून बघा. तुम्ही लिहिलंय की तो वरून मऊ दिसतो पण खाली गाठी लागतात. मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या वाक्यात आहे.

गुंता म्हणजे नुसते अस्ताव्यस्त केस नव्हेत. तो कातडीला धरून ओढत असतो. काखेत गुंता असेल तर पिल्लू प्रत्येक पाऊल टाकताना तिथली कातडी ताणली जाते. दिवसभर फार घट्ट घातलेली वेणी आठवा, आणि त्या वेणीतच कोणीतरी कंगवा घालून ओढतंय असं समजा. चिकू महिनाभर हे सोसतोय. त्याला हट्टी म्हणू नका, त्याला दुखतंय.

म्हणून माझा पहिला सल्ला तुम्हाला आवडणार नाही: त्याचे केस एकदा पूर्ण बारीक करून घ्या. गुंता ब्रशने सोडवत बसलात तर तास दोन तास लागतील आणि त्यातला प्रत्येक मिनिट ब्रशविरुद्धचा एकेक धडा ठरेल. शिह त्झूचे केस वाढत राहतात, परत येतात. (डबल कोटवाल्या, म्हणजे केसांचे दोन थर असलेल्या, गोल्डन रिट्रीव्हर किंवा पॉमेरेनियनला मी हा सल्ला सहसा देत नाही, त्यांचे केस मुळापासून काढले तर नीट परत येतीलच याची खात्री नसते.) काम क्लिपरनेच, म्हणजे केस कापायच्या मशीननेच झालं पाहिजे, कात्रीने कधीच नाही. गुंत्यात कातडी वर ओढली गेलेली असते आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली ते डोळ्यांना दिसत नाही. घरी कात्री चालवून कानाची पाळी कापली गेलेली आणि टाके पडलेली पिल्लं मी पाहिली आहेत. चिकू फारच घाबरत असेल तर पशुवैद्यांशी बोला. गरज वाटली तर ते सौम्य गुंगी देऊन एकदाच सगळं काढू शकतात. अंघोळ मात्र त्याआधी घालू नका, पाणी लागलं की गुंता आणखी आवळतो.

केस बारीक झाले की सुमारे दोन महिने ओढ लागेल असं काही उरत नाही. हाच तुमचा शिकवण्याचा काळ. तेवढ्या दिवसांत ब्रशने केस सुधारायचे नाहीत, चिकूचं मत सुधारायचं आहे.

तुम्ही पाठवलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. त्यात काय दिसतं ते सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की तो ‘अचानक’ चावला. सासूबाईंनी त्याला छातीशी धरलंय. ब्रश पाठीला लागतो आणि सहाव्या सेकंदाला तो जीभ बाहेर काढून नाक चाटतो. समोर खाऊ नाही, तरी चाटतो. मग मान वळवून बाल्कनीकडे बघतो. तोंड तिकडे, पण डोळे ब्रशवर, त्यामुळे डोळ्यांचा पांढरा कोर दिसतो. एकदा जांभई देतो. विसाव्या सेकंदाच्या आसपास हलणं एकदम थांबतं, तोंड मिटतं, अंग लाकडासारखं होतं. इथे तुमचा आवाज येतो, “बघा, आता कसा शांत झाला.” तो शांत झालेला नाही ताई, तो गोठलाय. मग बारीकशी गुरगुर होते. सासूबाई “गप रे” म्हणत नाकावर टिचकी मारतात. चार सेकंदांनी तो चावतो. आणि चावल्याबरोबर दोघींचे हात मागे जातात, ब्रश थांबतो.

म्हणजे त्याने पाच वेळा सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. सहाव्यांदा दात लावले, तेव्हा ऐकलं गेलं. पिल्लू यातून एकच गोष्ट शिकतं: चाटणं, मान वळवणं, गुरगुरणं यात वेळ घालवण्यात अर्थ नाही, थेट चावावं. गुरगुरल्याबद्दल शिक्षा केली की पिल्लू गुरगुरायचं सोडतं, घाबरायचं सोडत नाही. मग मोठेपणी असा कुत्रा खरोखरच न सांगता चावतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. धरून करणं बंद करा, आजपासून. सासूबाईंनी प्रेमानेच धरलंय हे मला दिसतं, पण चिकूला ब्रशइतकाच त्या धरण्याचा धसका बसलाय. आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगा. शिह त्झू, पग यांसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची मानेची कातडी मागून घट्ट ओढून धरायची नाही. त्यांच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात, ओढाताणीत डोळाच बाहेर येण्याचा खरा धोका असतो.

मग करायचं कसं?

जागा बदला. सोफ्याजवळची नको, तिथे आठवणी वाईट आहेत. जमिनीवर एक जुनी सतरंजी किंवा योगाची चटई घाला, म्हणजे पाय घसरणार नाहीत. तुम्ही बाजूला मांडी घालून बसा, समोरून त्याच्यावर वाकू नका. वेळ संध्याकाळी फिरून आल्यानंतरची, थोडा दमलेला असतो तेव्हाची. खाऊ एरवी मिळत नाही असा हवा: बिनमिठाचं, बिनहळदीचं उकडलेलं चिकन, किंवा पनीर, तुरीच्या दाण्याएवढे तुकडे करून. शाकाहारी घरांत पनीर उत्तम चालतं. एका बैठकीला वीस-पंचवीस तुकडे पुरतात, तेवढं त्याचं जेवण कमी करा.

पहिले चार-पाच दिवस फक्त हात. खांद्यावर हात ठेवा, मनात तीन मोजा, हात काढा, मग तुकडा द्या. हा क्रम अजिबात उलटा करू नका. पनीर आधी बाहेर आलं आणि मग हात लागला तर आठवड्याभरात पनीरची डबी दिसली तरी तो पळेल, कारण डबी म्हणजे पुढच्या संकटाची सूचना असं त्याच्या मनात बसेल. आधी स्पर्श, मग खाऊ. स्पर्श ही आनंदाची बातमी झाली पाहिजे.

हात काढल्यावर काय होतं ते नीट बघा. तो तुमच्याकडे सरकला, अंग टेकलं, हाताकडे बघत राहिला, तर ते ‘अजून कर’ आहे. मान वळवली, अंग झाडलं, उठून गेला, तर ‘आता पुरे’. उठून गेला तर जाऊ द्या. परत बोलवू नका, खाऊ दाखवून ओढून आणू नका. तुम्ही गप्प बसून राहा. पहिल्या दिवशी तो बहुधा दोन मिनिटं लांब जाऊन बसेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतःहून परत येईल. तो जो स्वतःहून चालत येतो ना, त्या चार पावलांसाठी हे सगळं आहे. आपण नको म्हटलं तर खरंच थांबतात हे एकदा कळलं की पिल्लाला नको म्हणायची गरज कमी वाटते. कुत्र्यांचे केस विंचरण्या-कापण्याच्या माझ्या सतरा वर्षांच्या कामात मला यापेक्षा मोठी गोष्ट सापडलेली नाही.

मलाही हे उशिरा कळलं. सुरुवातीच्या काळात एक कॉकर स्पॅनियल पिल्लू माझ्याकडे यायचं, सहा महिन्यांचं. पहिल्या दोन वेळा मी ‘दहाच मिनिटं राहिलीत, उरकून टाकू’ म्हणून त्याला टेबलावर अडकवून पूर्ण केलं. दिसायला देखणं झालं, मालक खूश. तिसऱ्या वेळी ते दारातच लघवी करत बसलं, आत येईना. त्याला पुन्हा टेबलावर उभं राहायला सात महिने लागले, आणि ती दहा मिनिटं माझी होती. तेव्हापासून अर्ध्या ब्रशिंगवर पिल्लू घरी पाठवायला मला लाज वाटत नाही.

हाताला तो सैल बसायला लागला की ब्रश आणा, पण वापरायला नाही. सतरंजीवर नुसता ठेवून द्या. त्याने वास घेतला, तुकडा. दुसऱ्या दिवशी ब्रश हातात घ्या, ठेवा, तुकडा. मग ब्रशची मागची, गुळगुळीत बाजू खांद्यावर एकदा टेकवा. मग दाते, एकच फेर, केसांच्या दिशेने, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत. ड्रॉवरच्या आवाजाचंही असंच करा. दिवसातून दोन-तीनदा नुसता ड्रॉवर उघडा, एक तुकडा टाका, बंद करा. ब्रश काढूच नका.

सुरुवात नेहमी खांदा, छातीची बाजू, पाठ इथून. डोकं, पंजे, शेपूट आणि मांड्यांची आतली बाजू सगळ्यात शेवटी. पूर्ण बैठक तीन मिनिटांची, त्याहून जास्त नाही. तो छान बसलाय म्हणून मोह होतो, अजून थोडं करू असं वाटतं. नेमकं तेव्हाच थांबा.

ब्रश चावायला येतो असंही तुम्ही लिहिलंय. त्यात भीती थोडी, बाकी वय आहे. चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात, समोर हलणारी वस्तू तोंडात घ्यावीशी वाटते. ब्रश झटक्याने मागे खेचलात की तो खेळ होतो. हात जिथे आहे तिथेच स्थिर ठेवा, दुसऱ्या हाताने त्याचं खेळणं पुढे करा. बैठकीआधी दहा मिनिटं फ्रिजमधलं गार गाजर चघळायला दिलं तर फरक पडतो. दात बदलेपर्यंत तोंडाभोवतीचं काम कमीत कमी ठेवा, तिथे खरंच दुखत असतं.

हे जमलं की एक खेळ शिकवा. ब्रिटनमध्ये काम करणारे ट्रेनर चिराग पटेल यांनी तो बकेट गेम या नावाने लोकप्रिय केला. एका वाटीत खाऊ ठेवून वाटी पिल्लाच्या समोर थोड्या अंतरावर ठेवायची. तो वाटीकडे बघत राहिला की त्यातला तुकडा त्याला द्यायचा. मग तो बघत असताना हात लावायचा, ब्रश लावायचा, पुन्हा तुकडा. त्याने वाटीवरून नजर काढली की आपले हात लगेच थांबतात. नजर परत वाटीवर गेली की काम पुन्हा सुरू. म्हणजे सुरू आणि बंद करायचं बटण त्याच्याकडे. वाटी स्टीलची नको, ती सरकून आवाज करते.

चाटायच्या रबरी चटईबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. तिच्यावर किंवा स्टीलच्या ताटलीवर साधं दही फासून दिलं की पिल्लू चाटत राहतं आणि आपण ब्रश करून घेतो. मी ती नखं कापताना, पंजे पुसताना वापरते. ब्रश शिकवताना नाही. चाटण्याच्या नादात पिल्लू काय होतंय ते विसरतं, आणि दही संपलं की एकदम भानावर येऊन दचकतं. पीनट बटर वापरणार असाल तर डबीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघा, कुत्र्यांना ते विष आहे. द्राक्षं, मनुके, चॉकलेट, कांदा, लसूण हेही नाहीच.

दुसरा प्रश्न ब्रशचा. हो, बदला. व्हिडिओत तुमच्याकडे टोकाला गोळ्या नसलेला, कडक तारांचा स्लिकर, म्हणजे बारीक तारांचा ब्रश दिसतोय. तो स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर, चिकूला लावता तेवढ्याच जोराने पाच वेळा फिरवून बघा. लाल रेघा उठतील. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो. आत्ता केस बारीक असताना लहान मुलांचा मऊ केसांचा ब्रश पुरे. केस बोटाच्या अर्ध्या पेराएवढे झाले की मऊ तारांचा छोटा स्लिकर आणि दोन अंतरांच्या दात्यांची स्टीलची फणी, एवढंच घ्या. बाकी दुकानात दाखवतात ते चमकदार सेट नकोत. केस वाढल्यावर एका हाताने केस वर उचलून धरायचे, खालून एकेक पदर सोडत ब्रश करायचा आणि शेवटी फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली तरच ते काम झालं म्हणायचं. वरवर ब्रश फिरवून चिकू मऊ दिसत होता आणि आत गाठी होत होत्या, त्या अशा. कुठे अडकलंच तर गाठीच्या वर, कातडीच्या बाजूने केस चिमटीत धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांवर येईल, त्याच्यावर नाही.

पंजांसाठी वेगळी सवय लावा. टीव्ही बघताना पंजा हातात घ्या, सोडा, तुकडा द्या. नखाला कटर नुसतं टेकवा, तुकडा. एका दिवसात एकच नख कापलं तरी चालेल, आणि फक्त टोक, कारण काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही. कानात बड घालू नका. ड्रायरचा आवाज आधी दुसऱ्या खोलीतून ऐकवा, तो जेवत असताना. अंघोळीला माणसांचा शांपू नको. आणि पावसाळी दमट हवेत अर्धवट ओले केस ठेवू नका, बुरशी लागते आणि गुंता दुप्पट वेगाने होतो.

पार्लरला न्यायचं असेल तर आधी एकदा नुसतं भेटायला न्या. तिथल्या माणसाने दोन तुकडे खायला द्यायचे आणि परत यायचं, पैसे द्यावे लागले तरी द्या. काम चालू असताना तुम्हाला काचेतून बघू देत नसतील तर दुसरीकडे जा. चिकूला बंद पिंजऱ्यात ड्रायर लावून ठेवायचा नाही असं स्पष्ट सांगा, चपट्या तोंडाच्या कुत्र्याचा त्यात उष्माघाताने जीव जाऊ शकतो.

एवढं सगळं करूनही एखादीच जागा तो अजिबात हात लावू देत नसेल तर तो शिकवण्याचा विषय नाही, तपासायचा विषय आहे. कानाला वास येणं, डोकं सारखं झटकणं, एका जागी गोल केस जाणं, पायाच्या बोटांत गोचीड असणं, यातलं काहीही असलं तर पशुवैद्य आधी. गोल चट्टे असतील तर घरातल्या मुलांनाही लांब ठेवा, तो नायटा असेल तर माणसांना लागतो.

सासूबाईंना यातून बाजूला काढू नका. चावल्याचं त्यांच्या मनाला लागलं असणार. खाऊ द्यायचं काम त्यांना द्या, फक्त हात लावण्याआधी द्यायचा नाही हे सांगून. पंधरा दिवसांत तो त्यांच्या मागे मागे फिरेल.

राहिलं लग्न. आता सप्टेंबर अर्धा झालाय. या आठवड्यात केस काढलेत तर डिसेंबरात ते बोटाच्या पेराएवढे होतील, तेवढ्यात शिह त्झू फार गोड दिसतो, टेडीसारखा. रोज तीन मिनिटं नेमाने केलीत तर तोपर्यंत पाठ, छाती, पाय सैल बसून करू देईल असा माझा अंदाज आहे. चेहरा आणि नखं कदाचित नाही, त्याला आणखी दोन महिने द्या. लग्नाच्या दिवशी सकाळी घाईघाईत ब्रश करू नका, आदल्या रात्री करा. आणि हॉलवर न्यायच्या आधी विचार करा: साडेसात महिन्यांचं पिल्लू, बँड, दोनशे माणसं आणि प्रत्येकाचा डोक्यावर येणारा हात. मी असते तर फोटोपुरतं अर्धा तास आणून त्याला परत घरी पाठवलं असतं. लग्नानंतर, आठव्या ते बाराव्या महिन्याच्या आसपास, पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे यायला लागतील. तेव्हा गुंता एका रात्रीत होतो आणि रोज फणी लागते. त्या वेळी एक व्हिडिओ पुन्हा पाठवा, मी बघेन.